खोली गावाच्या नावावर राहू दे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या गावाच्या मुंबईतल्या मंडळाच्या रविवारच्या सभेत खजिनदार म्हणून तुझं नाव पुढे आलं आणि तू मान डोलावलीस, हे कळलं. फार बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, "काका, नेमकं सांभाळायचं काय?" ते फोनवर सांगून भागणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

मुंबईत कामाला येणाऱ्या गावकऱ्यांना राहायला म्हणून चाळीत भाड्याने घेतलेली लालबागची आपली खोली तू आजची पाहिली आहेस. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिथे तिन्ही पाळ्यांचे मिळून तीसजण राहायचे. पहिल्या पाळीचा माणूस वळकटी गुंडाळून गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर आपली वळकटी पसरायचा. भिंतीला खुंट्या, माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि वाडी. मुंबईत माणसाचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच, एक ट्रंक आणि एक खुंटी. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि हजारो घरांची चूल मंदावली. त्या वर्षांत भाडं तुंबलं म्हणून काही गावांच्या खोल्या हातच्या गेल्या. आपली राहिली, कारण मंडळातले जे चारजण गिरणीबाहेर नोकरीला होते त्यांनी पदरमोड करून भाडं भरलं. धोबीतलावला गोव्याच्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक राहण्याच्या जागा आहेत, त्यांचीही रीत हीच. बोटीवर जाणारा खलाशी दोन बोटींच्या मधले दिवस आपल्या गावाच्या कुडात काढायचा, पेटी तिथेच ठेवायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायचा. भाषा आणि देव वेगळे, पण गरज एकच होती.

आता पावतीची गोष्ट सांगतो. ती मी सभेत कधी पूर्ण सांगितलेली नाही.

खोली घेतली तेव्हा मंडळाची नोंदणी नव्हती, म्हणून भाडेपावती गावातल्या एका जाणत्या माणसाच्या नावावर झाली. माणूस देवासारखा. पुढे मंडळ रजिस्टर झालं, पण पावतीवरचं नाव बदलायचं राहून गेलं. मी खजिनदार असताना ते वारले. दिवसपाणी झाल्यावर त्यांचा मुलगा पावती घेऊन आला आणि म्हणाला, खोली माझ्या वडिलांची. भाडेकरू गेला की हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे जातो, असं कायदा सांगतो. कुटुंब तर गावी होतं, त्यामुळे आपली बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण वकिलाने मला विचारलं, भाडं मंडळ भरत होतं याचा पुरावा काय? माझ्याकडे तो नव्हता. मी दर महिन्याला रोख भाडं नेऊन देत होतो आणि मालकाची पावती त्या माणसाच्याच ट्रंकेत ठेवत होतो. चूक सर्वस्वी माझी होती. ती पावती मंडळाच्या फायलीत लागायला हवी होती आणि भाडं मंडळाच्या चेकने जायला हवं होतं.

खोली वाचली ती त्या वारलेल्या गृहस्थांच्या पत्नीमुळे, काकूंमुळे. त्या गावाहून आल्या, खोलीत बसल्या आणि मुलासमोर म्हणाल्या, "ह्यांनी मला सांगितलेलं, ती जागा गावाची आहे, आपली नाही." मुलाने मान खाली घातली आणि सही केली. पुढच्या वर्षी मालकाने नावबदलाचे पैसे घेऊन पावती मंडळाच्या नावावर केली. त्या पैशांतच मंडळाची शिल्लक संपली. त्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही. गिरणी बंद पडलेल्या घरातला तो पोरगा, हातात एकच कागद होता. तसा मोह व्हावा असा कागद आपण त्याच्या घरात ठेवला, हा दोष आपला.

म्हणून तू पहिलं काम हे कर: कुठली गोष्ट कोणाच्या नावावर आहे ते तपास. वीजबिल, बँक खातं, ठेवपावत्या, मागच्या वर्षी घेतलेला फ्रीजसुद्धा. चाळीच्या पुनर्विकासाची चर्चा आता घराघरात आहे. बीडीडी चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी 500 चौरस फुटांची घरं मिळतायत हे सगळ्यांनी पाहिलंय. उद्या बिल्डर आपल्या दारात आला की एकेका कागदाला सोन्याचा भाव येईल.

पैशांचं बोलू. आज खोलीत 18 मुलं आहेत, दरमहा 400 रुपये देतात. म्हणजे 7,200. भाडं, वीज, पाणी, झाडलोट जाऊन जे उरतं त्यातले 1,500 रुपये दर महिन्याला दुरुस्ती फंडात टाक, वर्षाचे 18,000 होतात. ते आधी बाजूला काढ, उरलेत का हे बघून नव्हे. त्या फंडाची वेगळी ठेव कर. एकदा देवळाच्या जीर्णोद्धाराला कमी पडले म्हणून आम्ही दुरुस्तीचे पैसे गावाला पाठवले. देवाचं काम, नाही कोण म्हणणार? त्याच पावसाळ्यात माळ्याची तुळई खचली, आणि पोरांनी दोन महिने टेकूखाली झोप काढली. देवळाला मागणारा कोणी परका नसतो, आपलाच चुलता असतो. त्याला नाही म्हणताना तुझा आवाज मऊ असू दे, पण नाहीच म्हण.

वर्गणीचे 62 सभासद वर्षाला 500 देतात. त्यातले बरेचसे नालासोपारा, डोंबिवली, विरारला स्वतःच्या घरात राहतात. त्यांना खोलीचा काही उपयोग नाही. ते देतात, कारण एकेकाळी त्याच लादीवर ते झोपलेत. त्यांच्याकडे पावतीपुस्तक घेऊन जाताना हे लक्षात ठेव, आणि गेलास तर चहा घेतल्याशिवाय उठू नकोस. थकबाकीदाराचं नाव सभेत वाचू नकोस. त्याच्याशेजारी जाऊन बस. बहुतेक वेळा घरात आजारपण असतं किंवा नोकरी गेलेली असते, आणि तो तोंड चुकवत असतो.

धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या कार्यालयाची कामं कंटाळवाणी आहेत, पण टाळायची नाहीत. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, तिथे दाखल करायचा. दरवर्षी ऑडिट करून घ्यायचं. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय मंडळाची जागा विकता येत नाही, कर्जही काढता येत नाही. मागच्या दोन कमिट्यांचे चेंज रिपोर्ट प्रलंबित आहेत, म्हणून बँकेत अजून जुन्यांच्याच सह्या चालतात. ते आधी मार्गी लाव.

माणसांचं मात्र कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही. आपल्याकडे अध्यक्ष मानाने निवडतात, प्रत्येक वाडीचा एक सदस्य घेतात, आणि काम दोघेच करतात. मी खजिनदारकी 19 वर्षं केली. लोक कौतुकाने सांगतात, पण ते बरोबर नव्हतं. माझ्यानंतर वही कोणाला वाचता येत नव्हती. तू पहिल्या दिवसापासून एक सहखजिनदार बरोबर घे, चेकवर दोघांच्या सह्या ठेव, आणि तीन वर्षांनी बाजूला हो.

एक विषय तुझ्या पिढीने सभेत काढावा असं मला मनापासून वाटतं. गावातल्या मुली आता नर्सिंगला, कॉलेजला मुंबईत येतात आणि नातेवाइकांच्या घरी कोपऱ्यात राहतात. मंडळाला आतापर्यंत फक्त मुलगे दिसले. आपल्या माणसांची पोटं खानावळवाल्या बायकांनी भरली. त्या उधारीवर जेवण घालायच्या आणि हिशेब तोंडपाठ ठेवायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि त्या बायकांनी ते फेडलं. पुनर्विकासात मोठी जागा मिळाली तर तिचा एक भाग मुलींसाठी असावा, असा ठराव आताच इतिवृत्तात घे. जागा मिळाल्यावर हा विषय काढलास तर उशीर होईल.

येत्या रविवारी सकाळी दहाला ये, सहखजिनदारालाही आण. कपाटाच्या दोन किल्ल्या माझ्याकडे आहेत, एकेक दोघांना देतो. हिरव्या फायलीत मंडळाच्या नावाची पहिली पावती आहे. तिच्या खाली काकूंनी सांगितलेलं लिहून घेतलेला कागद आहे, त्यावर त्यांचा अंगठा आहे. तो लॅमिनेट करून घे, शाई फिकट झाली आहे.

तुझा,
काका