स्पेनमध्ये अल्हाम्ब्रा (ग्रनाडातला मुसलमान सुलतानांचा किल्ला-राजवाडा) पाहून झाल्यावर दोन दिवसांत एखादं जुनं डोंगरातलं गाव पाहायचं असेल तर कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की ग्रनाडाला मुक्काम आहे, हातात दोन दिवस आहेत, आई-वडील सोबत आहेत, आईंचे गुडघे दुखतात आणि त्या मांसाहार करत नाहीत. शिवाय 'फोटो काढून परत येण्यापुरतं गाव नको' असंही म्हटलंय. या शेवटच्या वाक्यामुळेच उत्तर लिहायला बसले.

अशा वेळी बहुतेक जण रोंदा सुचवतात. रोंदा देखणंच आहे, पण ते शहर आहे, आणि ग्रनाडाहून लांबही पडतं. मी सांगेन, आल्पुखारात जा. सिएरा नेवादा या पर्वतरांगेच्या दक्षिण उतारावर पोकेइरा नावाची घळ आहे. तिच्या कडेला एकाच्या डोक्यावर एक अशी तीन गावं बसली आहेत : खाली पाम्पानेइरा, मध्ये बुबिओन आणि वर कापिलेइरा. पाम्पानेइरा साधारण 1,060 मीटरवर आहे, तर कापिलेइरा 1,430 च्या पुढे. त्यांच्या मागे मुलासेनचं शिखर आहे, 3,479 मीटर, स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पावरचं सगळ्यात उंच. अल्हाम्ब्रात तुम्ही ज्या शेवटच्या सुलतानाची, बोआब्दिलची, गोष्ट ऐकाल, त्याच्या बापाच्या नावावरून या शिखराचं नाव पडलं. त्याला तिथेच वर पुरलंय अशी दंतकथाही आहे.

ग्रनाडाच्या बसस्थानकावरून लान्खारोन, ऑर्खिवामार्गे बस जाते. अंतर सत्तरेक किलोमीटरच आहे, पण ऑर्खिवानंतर घाट लागतो, त्यामुळे पाम्पानेइराला पोचायला दोन तास धरून चाला. ज्यांना गाडी लागते त्यांनी आधी गोळी घ्यावी. ग्रनाडा सोडल्यावर महामार्गावर 'मूराचा निःश्वास' नावाची खिंड येते (मूर म्हणजे इथले मुसलमान). 2 जानेवारी 1492 ला शहराच्या किल्ल्या ख्रिस्ती राजा-राणीला देऊन बोआब्दिल निघाला आणि इथून त्याने शेवटचं मागे वळून पाहिलं, असं म्हणतात. त्याला पोटापाण्यासाठी आल्पुखारातच जहागीर दिली होती. पण तिथे त्याचं मन रमलं नाही, पुढच्याच वर्षी तो समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला. म्हणजे तुमची बस त्याच्याच वाटेने जाणार.

आता गावाबद्दल. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही 'पांढरी गावं' पाहायलाच गेले होते. कापिलेइराच्या वरच्या अंगाला उभी राहून खाली पाहिलं आणि जरा गोंधळलेच. अंदालुसियात इतरत्र दिसतात ती लाल कौलं इथे नव्हतीच. सगळी छपरं सपाट, करड्या मातीची, आणि एका घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण. माझं आजोळ बार्शीकडचं. मनात पहिला शब्द आला तो माळवद. (खानदेशातले लोक धाब्याचं घर म्हणतील.) दगडाच्या जाड भिंती, त्यावर लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या किंवा वेताचं अंथरूण, मग चिखल आणि सगळ्यात वर पाणी न झिरपू देणारी माती. आमच्याकडे ती पांढरी खारवट माती असते. इथे तिला लाउना म्हणतात. ती पाटीच्या दगडाची झीज होऊन बनलेली निळसर करडी चिकणमाती, ओली झाली की घट्ट बसते. तुळया चेस्टनटच्या, कारण तेच झाड इथे मुबलक. लाउना कृष्णपक्षातच पसरायची, नाहीतर छप्पर गळतं, अशी जुनी समजूत आहे. मृगाच्या आधी माळवदावर माती ओढणारी माझी आजी असती तर तिला यात काहीच नवल वाटलं नसतं.

या छपरांवर मिरच्या, अंजिरं वाळत घालतात. बर्फ पडलं की फावड्याने लोटून देतात. घरांना जोडणारे झाकलेले बोळ आहेत, त्यांना तिनाओ म्हणतात. वर कुणाची तरी खोली, खाली तुम्ही सावलीतून चाललेले. गोल धुराडी चुन्याने रंगवलेली असतात, त्यांच्या डोक्यावर सपाट फरशी आणि फरशी उडू नये म्हणून वर एक धोंडा. असलीच घरं जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे मोरोक्कोच्या डोंगरात बर्बर लोक, म्हणजे उत्तर आफ्रिकेचे मूळ रहिवासी, बांधतात. हा योगायोग नाही, आल्पुखारा वसवणाऱ्यांत बर्बर होतेच. आमच्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाची धास्तीच बसली, दगड-मातीचं ते ओझं अंगावर आलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे इथली अखंड छपरं पाहताना मला नुसतं कौतुक वाटलं नाही, पोटात थोडं हललंही.

छपरं राहिली, पण ती बांधणारे राहिले नाहीत, हे मात्र गावात कुठे ठळकपणे लिहिलेलं दिसत नाही. ग्रनाडा पडल्यावर मुसलमानांना धर्म पाळू देऊ असा करार होता. तो दहा वर्षंही टिकला नाही. सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या या लोकांना मोरिस्को म्हणू लागले. 1567 मध्ये दुसऱ्या फेलिपे राजाने त्यांची अरबी भाषा, पोशाख, हमामखाने, सगळ्यावरच बंदी आणली. 1568 च्या नाताळच्या सुमारास आल्पुखारा पेटलं. वालोर गावच्या एका सरदार घराण्यातल्या फेर्नांदोने ख्रिस्ती नाव टाकून आबेन उमेया हे नाव घेतलं, त्याला राजा केलं गेलं, आणि वर्षाच्या आत त्याच्याच माणसांनी त्याला मारलं. राजाचा सावत्र भाऊ दोन खुआन दे आउस्त्रियाने बंड मोडलं. 1571 पर्यंत सगळं शांत झालं, म्हणजे गावं रिकामी झाली. मोरिस्कोंना स्पेनच्याच कास्तिया आणि इतर भागांत हाकललं, आणि 1609 पासून तर स्पेनमधूनच.

रिकाम्या घरांत उत्तरेकडून, गालिसिया, लेओन, कास्तियाकडून कुटुंबं आणून बसवली. वाटाडे सांगतात की 'पाम्पानेइरा', 'कापिलेइरा' ही नावं गालिसियाच्या लोकांनी दिली. ऐकायला बरं वाटतं, पण नावं त्यांच्या आधीची आहेत, अरबांच्याही आधीच्या लॅटिन बोलीतली. पाम्पानेइरात वेलीच्या तणाव्यासाठीचा लॅटिन शब्द दडलाय.

नवीन लोकांना डोंगर कळत नव्हता. म्हणून पाण्याची आणि रेशमाची कामं शिकवायला गावागावात दोन मोरिस्को कुटुंबं ठेवून घेतली, असं इथे सांगतात. रेशमाचा धंदा पुढे बंद पडला. पाणी मात्र अजून चालू आहे, आणि मला विचाराल तर इथे पाहण्यासारखी खरी गोष्ट तीच.

पाम्पानेइरात शिरलात की आधी पाण्याचा आवाज येतो. काही गल्ल्यांच्या मधोमध दगडी पन्हळ आहे आणि त्यातून पाणी खळखळत उताराला धावतं. हे पाटाचं पाणी. पाटाला इथे असेकिया म्हणतात, मूळ शब्द अरबी. वर, अगदी बर्फाच्या रेषेजवळ, ओढ्याचं पाणी वळवून डोंगराच्या कडेकडेने नेलेले मैलोन्मैल कच्चे पाट आहेत. त्यांतले काही शेतापर्यंत येतच नाहीत. वसंतात बर्फ वितळलं की ते पाणी एखाद्या ठरलेल्या उतारावर मुद्दाम सोडून देतात आणि जमिनीत मुरवतात. ते दगडांच्या फटींतून हळूहळू झिरपत खाली येतं आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात गावाजवळच्या झऱ्यांना फुटतं. या पद्धतीला कारेओ म्हणतात. आपल्याकडे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा भिंतीभिंतींवर रंगवलेली असायची. इथले लोक भिंतीवर काही न लिहिता हजारेक वर्षं तेच करत आलेत. मोठं धरण नाही, पंप नाही, डोंगरालाच टाकी केलंय.

पाटावर एक माणूस नेमलेला असतो, असेकिएरो. पाट साफ करायचा, ढासळलेला बांध लिंपायचा आणि कुणाची पाळी कधी ते बघायचं, हे त्याचं काम. धुळ्याकडच्या पांझरेवरच्या फड पद्धतीतला पाटकरी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बुबिओनच्या वर मला असा एक म्हातारबा भेटला होता. माझं मोडकं स्पॅनिश आणि त्याचं अर्धे शब्द गिळणारं. 'पाण्यावरून भांडणं होतात का?' असं विचारलं तर त्याने फावडं जमिनीत रोवलं आणि इतका वेळ हसला की मला उत्तर मिळालं. तरुण पोरं शहरात गेली, पाट बुजत चालले, ही रड तिथेही आहे. अलीकडे ग्रनाडा विद्यापीठातले पुरातत्त्वाचे लोक स्वयंसेवक घेऊन जुने पाट उकरून पुन्हा वाहते करताहेत. 2014 मध्ये कान्यार गावाजवळचा एक असाच मोकळा केला.

पाम्पानेइरातच संत अंतोनियोचा पाणवठा आहे. त्यावरच्या फरशीवर लिहिलंय की लग्नाच्या इराद्याने हे पाणी पिणाऱ्या सड्या माणसाला लगेच मुलगी मिळते. तुम्ही अविवाहित असाल तर आई तुम्हाला तिथून हलू देणार नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

गुडघ्यांचं म्हणाल तर तिन्ही गावांना जोडणारी जुनी पायवाट आहे. सगळे सांगतात, बसने कापिलेइराला जा आणि उतरत पाम्पानेइराला या. धडधाकट माणसाला हे ठीक आहे. पण दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं, आणि वाट दगडगोट्यांची आहे. आईंना वरच्या गावाहून खालच्या गावाला बसनेच आणा. तुम्ही आणि बाबा चालत या. गावातल्या गल्ल्याही चढउताराच्याच आहेत, तेव्हा काठी असू द्या. बुबिओनला चर्चजवळ एक जुनं घर होतं तसं जपून संग्रहालय केलंय, चूल, माजघर, जनावरांची जागा सगळं आहे. वीस मिनिटांत पाहून होतं आणि आईंना ते आवडेल. घळीच्या पलीकडच्या अंगाला, बरंच वर, ओ सेल लिंग नावाचं तिबेटी बौद्ध साधनाकेंद्र आहे, त्याला हे नाव 1982 मध्ये दलाई लामांनी दिलं. सहज पायी जाण्यासारखं नाही, टॅक्सी करावी लागते. पायवाट आणि हे केंद्र, दोन्ही एकाच दिवसात करू नका.

जेवणाचं जरा नीट ऐका. इथला प्रसिद्ध 'प्लातो आल्पुखारेन्यो' म्हणजे बटाटे, अंडं, आणि बाकी सगळं डुक्कर. वरचं त्रेवेलेस गाव हवेवर सुकवलेल्या खामोनसाठी, म्हणजे डुकराच्या मांडीसाठी, नावाजलेलं. दुकानांच्या आढ्याला त्या मांड्या ओळीने टांगलेल्या असतात, आईंना आधीच कल्पना द्या. नुसतं 'मांस नको' म्हणून चालत नाही, खामोनचे तुकडे पुष्कळांच्या हिशेबात मांसात मोडतच नाहीत. 'सिन कार्ने, सिन खामोन' असं दोन्ही म्हणा. मग 'पातातास आ लो पोब्रे' मागवा, ऑलिव्ह तेलात कांदा आणि ढोबळी मिरचीबरोबर मऊ शिजवलेले बटाटे. आणि 'बेरेनखेनास कोन मिएल दे कान्या' सोडू नका : वांग्याचे तळलेले काप, वर उसाचा पाक. तो पाक म्हणजे चक्क काकवी, खाली किनाऱ्यालगत पूर्वी ऊस व्हायचा त्याची देणगी. 'बेरेनखेना' आणि आपलं 'वांगं' हे शब्दही मुळात एकाच घरचे, फारसी-अरबीतून फिरत फिरत तिथे पोचलेले. बदाम, चेस्टनट, मध, शेळीच्या दुधाचं चीज मिळतंच.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. दुपारी दोन ते पाच गाव झोपतं, तेव्हा चिडचिड न करता तुम्हीही झोपा.

एक रात्र मात्र राहाच. मी पहिल्या वेळी राहणार नव्हते. वेळापत्रकात 'लाबोराब्लेस' म्हणजे कामाचे दिवस आणि 'फेस्तिवोस' म्हणजे सुट्टीचे, हा फरक न बघता संध्याकाळच्या बसची वाट पाहत थांबले. तारीख होती 12 ऑक्टोबर, देशभर सुट्टी. बस नव्हतीच. एका बाईंनी खोली दिली, विणलेली जाड खारापा अंगावर टाकायला दिली (इथे चिंध्यांपासून विणतात ती, आपल्या गोधडीची लांबची बहीण). दिवसभराचे पर्यटक निघून गेल्यावर गल्लीत चिटपाखरू नव्हतं, फक्त खिडकीखालून पन्हळीचं पाणी चाललेलं. आधी वाटलं नळ चालू राहिलाय, उठून दोनदा बघून आले.

गाडी भाड्याने घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. घाटात चालवायची सवय असेल तर घ्या, आईंसाठी सोयीचं होईल. पण गाडी गावाच्या तोंडाशीच लावा. आतल्या बोळात शिरलात तर मागे घेताना आरसा भिंतीला घासणार.