बॉक्सिंगच्या स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) डोक्याला लागलं, सीटी स्कॅन नॉर्मल आला. भावाला पुढच्या रविवारी मॅच खेळू द्यावी का?

नाही. ताई, रविवारची मॅच डोक्यातून काढून टाका आणि त्याचं स्पारिंग तर आजपासूनच बंद करा.

तुम्ही लिहिलंय की भाऊ १७ वर्षांचा आहे, सोमवारी स्पारिंगमध्ये जबड्यावर हुक (बाजूने मारलेला ठोसा) बसला, खाली पडला नाही, पण घरी येऊन डोकं धरून बसला, लाइट बंद करा म्हणाला, रात्री उलटी झाली, आणि आज चार दिवस झाले तरी डोकं जड आहे. त्याचे बॉक्सिंगचे सर म्हणतायत हेडगार्ड घालून खेळू दे, स्कॅन तर क्लिअर आहे. मी कॉलेजात असताना बॉक्सिंग खेळायचो, आता संध्याकाळी एका क्लबमध्ये पोरांच्या कॉर्नरला असतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कंकशन (डोक्याला हिसका बसून मेंदूच्या कामात होणारा तात्पुरता बिघाड) आहे की नाही ते डॉक्टरच सांगतील, पण तुम्ही लिहिलेली लक्षणं सगळी त्याचीच आहेत, आणि नुसता संशय असला तरी खेळाडूला बाहेर काढायचं हे आता सगळ्याच खेळांमध्ये मान्य झालेलं आहे.

आधी स्कॅनचं बोलू कारण तिथेच सगळे फसतात. सीटी स्कॅन बघतो तो रक्तस्राव झालाय का, कवटीला फ्रॅक्चर आहे का ते. ते नाही हे फार चांगलं झालं, स्कॅन केला तेव्हा असं काही नव्हतं एवढं त्यातून कळलं. पण कंकशन सीटीत दिसतच नाही. जबड्यावर बाजूने हुक बसला की डोकं गर्रकन फिरतं, कवटी फिरते आणि आतला मेंदू जरा मागे राहतो, त्यात मज्जातंतूंचे धागे ताणले जातात. डबा जोरात फिरवला की डब्याला काही होत नाही पण आतलं दही मोडतं, तसं समजा. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आणि पोराचं डोकं दुखतंय, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आणि "बेशुद्ध कुठे पडला होता" हेही ऐकू नका, बहुतेक कंकशनमध्ये माणूस शुद्धीवरच असतो.

आता हेडगार्ड. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कान वाचतो, डोकं डोक्यावर आपटलं तर फरक पडतो. पण डोकं गर्रकन फिरणं त्याने थांबत नाही, कारण फिरताना हेडगार्डही डोक्याबरोबरच फिरतो. ऑलिम्पिकमध्ये हेडगार्ड १९८४ ला आले आणि २०१३ मध्ये सीनियर पुरुषांचे काढून टाकले, २०१६ च्या रिओला पुरुष हेडगार्डशिवायच खेळले. काढणं बरोबर की चूक यावर आजही वाद आहेत, मला स्वतःला पोरांच्या डोक्यावर तो हवाच वाटतो, जखमा तरी कमी होतात. पण चार दिवस डोकं दुखत असलेल्या पोराला "हेडगार्ड आहे ना" म्हणून रिंगमध्ये उतरवणं याला काही अर्थ नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का, मॅचमध्ये निदान रेफ्री असतो, मार बसल्यावर रेफ्री आठपर्यंत मोजतो तो एट काउंट असतो, रिंगच्या बाजूला डॉक्टर बसलेला असतो. हौशी बॉक्सिंगमध्ये बऱ्याच वर्षांपासून नियम आहे की डोक्याला मार लागून नॉकआउट झाला किंवा रेफ्रीने मॅच थांबवली तर कमीत कमी ३० दिवस मॅच नाही आणि स्पारिंगही नाही, बेशुद्ध पडला असेल तर त्याहून जास्त. आणि हाच मार क्लबमध्ये मंगळवारी संध्याकाळी स्पारिंगमध्ये बसला तर? कोण काउंट करतो? कुठे लिहिलं जातं? पोरगं दोन मिनिटं दोरीला टेकतं, पाणी पितं आणि पुढच्या राऊंडला उभं राहतं. मॅचेस वर्षात मोजक्या होतात, स्पारिंग आठवड्यातून तीन-तीनदा चालतं, म्हणजे डोक्यावरचे बरेचसे ठोसे जिथे बसतात तिथे नियम सांगणाराच कोणी नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की स्पारिंगमधला मार हा मॅचमधल्या माराइतकाच धरायचा, ३० दिवस म्हणजे ३० दिवस.

आमच्याकडे एकदा एक पोरगा स्पारिंग करून उतरला, चेहऱ्यावर काही नाही, हसत होता. बाकावर बसून हाताचं बँडेज सोडायला लागला आणि अर्धं सोडून झाल्यावर तेच परत गुंडाळायला लागला, अंगठ्यातून लूप, मनगटाला वेढे, सगळं शिस्तीत, जणू आता राऊंड सुरू होणार आहे. विचारलं आज कोणाबरोबर खेळलास, तर कालच्या पार्टनरचं नाव सांगितलं. तेव्हापासून मी पोरांच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघतो, आणि प्रत्येकाला साधे प्रश्न विचारतो, कितवा राऊंड झाला, समोर कोण होता, मागची मॅच जिंकलास का हरलास. "बरा आहेस ना" असं विचारायचंच नाही, त्याचं उत्तर कायम हो असतं. तुम्हीही भावाला असंच विचारा.

घाई केली तर काय होतं? एक तर पहिलं बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला एकदम सूज येते आणि त्यात तरुण पोरं गेलेली आहेत, होतं कमी पण झालं की हातात काही उरत नाही. दुसरं हळूहळू होणारं. स्वीडनमध्ये २००६ मध्ये १४ हौशी बॉक्सर्सच्या पाठीच्या मणक्यातलं पाणी मॅचनंतर ७ ते १० दिवसांनी तपासलं होतं, त्यात मज्जातंतूंना इजा झाल्यावर वाढणारं एक प्रोटीन वाढलेलं सापडलं, ज्यांना डोक्यावर जास्त ठोसे बसले त्यांच्यात जास्त. पण तीन महिने बॉक्सिंगपासून लांब राहिल्यावर ते खाली आलं होतं. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, विश्रांती दिली तर मेंदू सावरतो, फक्त ती द्यायला हवी.

विश्रांती म्हणजे महिनाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायचं असं नाही हं, ते जुनं झालं. पहिले एक-दोन दिवस शांत राहायचं, मोबाइल कमी, मग घरातल्या घरात चालणं-फिरणं. आधी अभ्यास नीट जमायला हवा, वाचताना डोकं दुखत नाही ना ते बघा, बारावी असेल तर क्लासवाल्यांना सांगून ठेवा. मग सायकल किंवा जॉगिंग, मग स्किपिंग आणि शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे), मग बॅग आणि पॅड, प्रत्येक पायरीला निदान एक पूर्ण दिवस, त्रास वाढला तर एक पायरी मागे. स्पारिंग सगळ्यात शेवटी आणि तेही डॉक्टरांनी लेखी दिल्यावर. या वयात पूर्ण बरं व्हायला चार आठवडेही लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण डोकेदुखी वाढत चालली, परत परत उलट्या, झटका आला, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, हातापायात मुंग्या किंवा शक्ती कमी, बोलताना जीभ अडखळली, हलवून उठवलं तरी नीट जाग येत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी आधीचा स्कॅन नॉर्मल होता म्हणून थांबू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, शक्यतो जिथे न्यूरोसर्जन आहे तिथे. आणि त्याला कोणती पेनकिलर चालेल ते डॉक्टरांना विचारूनच द्या.

आई म्हणतेय बॉक्सिंगच बंद कर, त्याबद्दल. अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये मुलांनी बॉक्सिंग खेळूच नये असं स्पष्ट म्हटलंय, त्यामुळे आईंचं काही चुकत नाहीये. मला या खेळाने खूप दिलंय आणि पहिल्याच कंकशनला मी कोणाला सोड म्हणत नाही, पण सरांना दोन गोष्टी विचारा, आठवड्यातून किती दिवस फुल पॉवर स्पारिंग होतं आणि समोर वजनाने, अनुभवाने बरोबरीचाच पोरगा असतो का. उत्तर पटलं नाही तर क्लब बदला. काही महिन्यांत परत असं झालं तर मात्र न्यूरोलॉजिस्टला दाखवल्याशिवाय ग्लोव्हजला हात लावू देऊ नका.

आणि सरांना फोन तुम्ही किंवा वडिलांनी करा, त्याच्यावर ढकलू नका. १७ व्या वर्षी पोरगं आपल्या सरांना नाही म्हणू शकत नाही, दुखत असलं तरी "खेळतो सर" म्हणून मोकळं होतं. डॉक्टरांच्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि रविवारच्या एंट्रीतून नाव आजच काढायला लावा.