पास 600 रुपयांनी महागला म्हणून 8 लाखांची गाडी?

चिंचवडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "ऑफिस शिवाजीनगरला. 1 जून 2025 पासून पुण्याच्या पीएमपी बसचा मासिक पास 900 चा 1,500 झाला. एवढे मोजून उभ्यानेच जायचं, तर 8 लाखांची गाडी का घेऊ नये? 2 लाख जवळ आहेत, बाकी कर्ज. हातात पगार 72,000, घराचा हप्ता 24,000. की मेट्रोचं भाडं उतरण्याची वाट पाहू?"

नमस्कार. तुमचा राग रास्त आहे. 900 चे 1,500 झाले तर कोणालाही टोचेल. पण रागाची किंमत महिन्याला 600 आहे आणि गाडीची किती, ते आधी मांडू.

6 लाखांचं कर्ज, 9.5 टक्के, 5 वर्षं: हप्ता साधारण 12,600. जाऊन-येऊन 32 किलोमीटर, शहरात 14 चं अ‍ॅव्हरेज, पेट्रोल 105 धरलं तर रोजचे 240, बावीस दिवसांचे 5,280. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिन्याला 2,500 बाजूला काढा. झाले 20,000 च्या वर. मेट्रोचं सगळ्यात लांबचं तिकीट 35 रुपये आहे. तुमचं त्याहून जास्त होणारच नाही, तरी 35 च धरतो. वर शेअर रिक्षाचे दोन्ही वेळचे 40. महिन्याचे 2,420. सुरुवातीला भरलेले 2 लाख आणि पाच वर्षांनी गाडी विकून येतील ते तीनेक लाख, दोन्ही जमेस धरले तरी गाडी महिन्याला सोळा हजारांनी महाग पडते. शिवाय दोन्ही हप्ते मिळून 36,600, म्हणजे अर्धा पगार पहिल्या आठवड्यातच गेला.

आता भाड्याचं. वाहतूक क्षेत्रात एक जुना ढोबळ ठोकताळा आहे: भाडं 10 टक्के वाढलं की प्रवासी सुमारे 3 टक्के कमी होतात. म्हणजे दराने लोक हलतात, पण थोडेच. फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळुरू मेट्रोचं कमाल भाडं 60 वरून 90 वर गेलं, तेव्हा प्रवासी लगेच घटले. उलटं उदाहरण मुंबईच्या एसी लोकलचं. मे 2022 मध्ये तिचं 5 किलोमीटरचं तिकीट 65 वरून 30 वर आलं आणि गर्दी वाढली. पण तिथे स्वस्त तिकिटाला रुळांची साथ होती. रस्त्यावर कितीही कोंडी असो, लोकल तिच्या वेळेत पोचवते.

तुमच्या प्रश्नात खरी गोम वेगळीच आहे. आज तुम्ही 20,000 आणि 2,420 यांची तुलना करू शकता. गाडी दारात आली की ही तुलना संपते. हप्ता, विमा तर भरायचेच असतात, गाडी हलो वा न हलो. मग रोज सकाळी समोर राहतात फक्त पेट्रोलचे 240 आणि मेट्रो-रिक्षाचे 110. त्यात पाऊस, डबा, लॅपटॉप. मेट्रोने उद्या भाडं निम्मं केलं तरी 35 च वाचतील, आणि तेवढ्यासाठी कोणी किल्ली खाली ठेवत नाही. मी स्वतः गाडी घेताना "आठवड्यातून दोनदाच काढीन" म्हणालो होतो. तिसऱ्या महिन्यात कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही तीच निघत होती. म्हणून भाडं उतरण्याची वाट पाहू नका. तुमचा निर्णय 35 रुपयांच्या तिकिटावरही तोच राहतो.

एक मात्र एचआरला विचारा: ऑफिसचं पार्किंग फुकट आहे का, आणि किती दिवस राहील? माझ्या मते माणसाला गाडीतून उतरवायची ताकद तिकिटापेक्षा पार्किंगच्या पावतीत जास्त आहे. रोजचे शंभर लागले तर वरच्या हिशेबात आणखी 2,200 धरा.

थेट सांगायचं तर आत्ता गाडी घेऊ नका. तीन महिने मेट्रोने जा. आणि दर महिन्याच्या 5 तारखेला 12,600 वेगळ्या खात्यात टाका, हप्ता चालू असल्यासारखे. मुलांची फी, सणाचा खर्च, काहीही आलं तरी हात लावायचा नाही. मुसळधार पावसात किंवा उशीर झाला तर बिनधास्त कॅब करा. महिन्याला 2,000 कॅबला गेले तरी तुम्ही कितीतरी फायद्यात आहात. शनिवार-रविवारी मेट्रोला 30 टक्के सवलत असते, घरच्यांना घेऊन फिरायला तीही वापरा.

तीन महिन्यांनी खात्यात 37,800 शाबूत असले, ओढाताण झाली नसली आणि तरीही गाडी हवीशी वाटली, तर पुन्हा लिहा. तेव्हा 8 लाखांच्या नव्या गाडीऐवजी चार लाखांच्या जुन्या गाडीचा हिशेब मांडू. घरात कोणाला नियमित दवाखान्यात न्यावं लागत असेल तर मात्र तीन महिने थांबू नका, तेही आत्ताच कळवा. तुमच्या पत्रात घरच्या माणसांबद्दल एक ओळही नाही.