ट्रेलर ओढायचाय, पेट्रोल घेऊ की डिझेल?

प्रश्न: नमस्कार. आमच्याकडे राहायचा ट्रेलर आहे, सामान-पाणी भरलं की साधारण ४,५०० किलोचा होतो. त्याच्यासाठी पिकअप ट्रक घ्यायचाय. वर्षातून सात-आठ वेळा ट्रेलर लावून डोंगरात जातो, बाकी दिवस तोच ट्रक घेऊन मी कामावर जाणार, जेमतेम ६ किलोमीटर. मित्र म्हणतात डोळे झाकून डिझेल घे, बायको म्हणते एवढे जास्तीचे पैसे कशाला. कोणाचं ऐकू?

उत्तर: बायकोचं ऐका. पैशांमुळे नाही, त्या ६ किलोमीटरमुळे.

आजकालच्या डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला, आणि तो अधूनमधून चांगला तापून आतली काजळी जाळून टाकतो, पण त्यासाठी गाडी बराच वेळ सलग पळायला लागते. ६ किलोमीटरमध्ये इंजिनच धड गरम होत नाही, जाळायला सुरुवात होते न होते तोवर तुम्ही चावी काढता. असं रोज झालं की फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि जाळण्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच. वर धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी भरत राहा, ते उणे ११ डिग्रीला गोठतं.

मित्र खोटं बोलत नाहीयेत हां. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) लावलेल्या डिझेलचा जोर १,६००-१,८०० आरपीएमलाच पूर्ण मिळतो, मोठं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन (व्ही-८) त्यासाठी ४,००० च्या आसपास न्यावं लागतं. म्हणजे चढाला पेट्रोल ट्रक दोन गिअर खाली येऊन बोंबलणार. बोंबलू दे, त्याने काही बिघडत नाही, फक्त गाडीत गप्पा मारता येत नाहीत. खरी अडचण उंचीची, २,५०० मीटरवर बिनटर्बोच्या इंजिनाची जवळपास पाव ताकद गेलेली असते, टर्बोवाल्याला तेवढा फरक पडत नाही. आणि ट्रेलर मागे असताना पेट्रोलचं ॲव्हरेज बघूच नका.

उताराला डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे सुख, इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून, पाय न लावता गाडी धरून ठेवतो. मी एकदा पेट्रोल ट्रकने लांब घाट नुसत्या 'डी'मध्ये उतरलो, पाय सारखा ब्रेकवर, खाली थांबलो तर जळक्या ब्रेकचा वास नाकात बसलेला आणि पुढच्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. चूक माझीच. टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) लावून, ट्रेलरचे ब्रेक नीट सेट करून, वरूनच खालच्या गिअरमध्ये निघालं असतं तर पेट्रोलनेही भागलं असतं. जुने ड्रायव्हर सांगायचेच, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

आता मित्र जे सांगत नाहीत ते. ब्रोशरमध्ये ओढायचा आकडा मोठ्ठा छापलेला असतो, पण तुम्ही अडकणार पेलोडला, म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यायचं त्या मर्यादेला. ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन ट्रकच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर येतं, तुमच्या हिशोबाने ४५० ते ६७५ किलो. मधलं ५५० धरा, घरातली चार माणसं २८० किलो, हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) नि अवजारं ६०, मागे टाकलेली लाकडं, जनरेटर, सायकली १००, झाले ९९०. डिझेल इंजिन आणि त्याचा लवाजमा सहज २००-३०० किलो जास्त भरतो आणि ट्रकची एकूण वजनाची मर्यादा तीच असेल तर ते तुमच्याच पेलोडमधून कापलं जातं. कागदावर जास्त ओढणारा ट्रक कुटुंब बसवलं की मर्यादेबाहेर, असं होतं ते.

महिन्यातून दोन-तीनदा लांबच्या घाटात जात असता आणि कामावर जायला दुसरी गाडी असती तर मीच म्हणालो असतो डिझेल घ्या, वरच्या वजनाच्या वर्गातलं घ्या. तुमच्यासाठी हेवी ड्युटी पेट्रोल.

आणि बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती किलो ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, जो ट्रक घेणार त्याच ट्रकचा स्टिकर वाचा, शेजारच्या ट्रकचा नको. सनरूफ नि लेदर सीटवाल्या मॉडेलचा आकडा साध्या मॉडेलपेक्षा कमी निघतो, आणि सेल्समन नेमकं तेच पुढे करतो.