शस्त्र परवान्याच्या अर्जात व्यवसायाचे उत्पन्न कसे दाखवावे?

प्रश्न : परभणीच्या मोंढ्यात माझी सोयाबीन आणि तुरीची आडत आहे. हंगामात बँकेतून रोख रक्कम आणून शेतकऱ्यांना चुकती करावी लागते आणि रात्री उशिरा गावोगावची वसुली घेऊन एकट्याने घरी परतावे लागते. त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करण्याचा विचार आहे. माझ्या आयकर विवरणपत्रात वर्षाचे उत्पन्न सुमारे ७ लाख रुपये दिसते, उलाढाल मात्र काही कोटींची आहे. ‘उत्पन्न २५ लाखांच्या वर दाखवल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही,’ असे एका परिचिताने सांगितले. हे खरे आहे का? कोणते पुरावे जोडावेत? शस्त्र कपड्याआड बाळगण्यासाठी वेगळी परवानगी लागते का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे कायद्याला धरून नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १४(२) मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. उत्पन्नाची किमान मर्यादा कायद्यात कोठेही नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवाना देताना जे पाहायला सांगितले आहे ते असे की, अर्जदाराच्या व्यवसायाच्या स्वरूपामुळेच त्याच्या जीविताला किंवा मालमत्तेला संरक्षणाची खरी गरज आहे का. म्हणून व्यवसाय खरोखर आपला आहे आणि त्यात रोख रक्कम आपल्याच हातून ने-आण होते, या दोन गोष्टी कागदांवरून दिसल्या पाहिजेत.

आडतीच्या धंद्यात गोंधळ होतो तो नेमका उत्पन्न आणि उलाढाल यांच्यात. कच्च्या आडतीत माल शेतकऱ्याचा आणि पैसा खरेदीदाराचा असतो. आडत्याचे स्वतःचे असते ते फक्त कमिशन. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९८६ च्या परिपत्रकातही कच्च्या आडत्याची उलाढाल केवळ कमिशनवरून मोजावी, असे स्पष्ट केले आहे. त्यामुळे ७ लाखांचे उत्पन्न आणि कोटींची देवघेव यांत विसंगती नाही, पण ही गोष्ट फाईल हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला माहीत असेलच असे नाही. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका आडत्याने अर्जाच्या पुरवणीत ‘वार्षिक उत्पन्न’ या शब्दांपुढे सगळी उलाढाल लिहिली होती आणि मागे जोडलेल्या विवरणपत्रात त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकीही रक्कम नव्हती. त्याचा हेतू वाईट नव्हता, तरीही चौकशीत पहिला प्रश्न त्याच्या खरेपणाविषयी निघाला आणि गरजेचा मुद्दा बाजूलाच राहिला. चुकीच्या माहितीवर मिळवलेला परवाना कलम १७ खाली नंतरही रद्द होऊ शकतो. तेव्हा आकडा फुगवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मागील तीन वर्षांची विवरणपत्रे पोचपावतीसह जोडावीत; केवळ पोचपावती पुरेशी समजू नये, कारण उत्पन्न कोणत्या शीर्षाखाली आले हे तीत दिसत नाही. त्यांच्यासोबत नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, बाजार समितीचा चालू आडत परवाना आणि जीएसटी नोंदणी असल्यास तिचे प्रमाणपत्र द्यावे. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र हवेच, कारण पेढीचे उत्पन्न म्हणजे आपले उत्पन्न नव्हे. शेती असल्यास सातबारा जोडावा. मात्र शेतीचे उत्पन्न विवरणपत्रात करमुक्त म्हणून दाखवलेले नसेल, तर ते या अर्जात पहिल्यांदाच उगवू देऊ नये. सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यात कमिशन व एकूण व्यवहार वेगवेगळे लिहून घ्यावेत. त्यावर यूडीआयएन हा १८ अंकी क्रमांक असलाच पाहिजे. त्यावरून प्रमाणपत्राची खातरजमा करता येते.

या सगळ्यापेक्षा वजनदार पुरावा बहुधा आपल्या गादीवरच पडलेला असतो, तो म्हणजे रोजमेळ, अर्थात रोजच्या रोख जमा-खर्चाची वही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील, आवक भरात असतानाची आठ-दहा पाने निवडा. सकाळची आरंभीची शिल्लक, बँकेतून आणलेली रक्कम, हिशेबपट्टीच्या (शेतकऱ्याला त्याच्या मालाच्या हिशेबाची दिलेली पावती) क्रमांकासह शेतकऱ्यांना दिलेले पैसे, हमाली-तोलाई, संध्याकाळची वसुली आणि रात्रीची शिल्लक, हे सारे एका पानावर दिसते. त्याच तारखांच्या बँक उताऱ्यातील रोख काढल्याच्या नोंदी आणि हिशेबपट्ट्यांच्या प्रती शेजारी लावल्या की, तिन्ही ठिकाणी तीच तारीख आणि तीच रक्कम दिसेल. रात्री अमुक इतकी रोकड घेऊन आपण पेढीवरून निघालात, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणताही दाखला सांगू शकत नाही. मात्र पाने देण्यापूर्वी लेखापालाकडून तपासून घ्या. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्यात मनाई आहे, आणि तशी नोंद आपणच सरकारी फाईलमध्ये लावणे शहाणपणाचे नाही.

अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा असतो. परभणीत परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी आहेत. छत्रपती संभाजीनगर शहरासारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. हद्दीतील पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो आणि त्यासाठी आपला जबाब घेतला जातो. जबाबात सांगितलेली रक्कम, गावे आणि वेळा कागदांशी जुळल्या पाहिजेत. वाटेत लुटीचा किंवा धमकीचा प्रकार घडला असेल आणि तक्रार दिली असेल, तर तिची प्रत अवश्य जोडावी. बीड जिल्ह्यात २०२५ मध्ये अनेक परवाने रद्द झाल्यानंतर, खरी गरज असलेल्या अर्जदाराने कागद चोख ठेवणे अधिकच आवश्यक झाले आहे.

कपड्याआड बाळगण्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना नाही. उलट, सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर नेताना ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे, असे नियमच सांगतो. शस्त्र कोणत्या क्षेत्रात बाळगता येईल हे परवान्यावर नमूद असते. तेलंगणात वसुलीला जात असाल तर तेथील खरेदीदारांची बिले जोडून तशी मागणी अर्जातच करावी.

अर्ज नाकारला गेल्यास लेखी कारणांची मागणी करावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध कलम १८ प्रमाणे विभागीय आयुक्तांकडे विहित मुदतीत अपील करता येते. आदेशात केवळ ‘उत्पन्न अपुरे’ एवढेच कारण असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा कलम १४(२) हाच ठेवावा.