चिपळूणहून मुंबईमार्गे लंडनला जायचंय, सोबत आठ महिन्यांचं बाळ आणि सासूबाई. विमानात कुठल्या जागा घ्याव्यात?

पुढच्या भिंतीलगतच्या रांगेत सलग जागा घ्या आणि बाळाचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, तिकीट काढतानाच मागून ठेवा. रत्नागिरीत तिकीट बुकिंगचं काम करतो, त्यामुळे सांगतो: पाळणे मोजकेच असतात, विमानतळावर मागून मिळतीलच असं नाही. पण पाळणा फक्त झोपेपुरता. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी, शिवाय मध्ये पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं, मग ते नुकतंच डोळा लागलेलं का असेना. खर्च परवडत असेल तर बाळाचं वेगळं तिकीट काढून विमानासाठी मान्यता असलेली कार सीट, म्हणजे बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची, खिडकीजवळच्या जागेवर बांधा. मांडीपेक्षा तेच सुरक्षित, असं अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएएही सांगते. सासूबाईंना कडेची जागा द्या, नऊ-दहा तासांत उठून चार पावलं चालता आलं पाहिजे. पाय पसरायला मिळतात म्हणून आपत्कालीन दाराजवळची रांग मागू नका, लहान मुलं असलेल्यांना ती देत नाहीत. एक मात्र बघा: पाळण्याची वजनमर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते, बाळ अंगाने भरलेलं असेल तर आधी विचारा.