फुकटचा अँटीव्हायरस चालतो, पण एकच ठेवा

प्रश्न: दादा, आमच्याकडे घरी जुना कॉम्प्युटर आहे, विंडोज १०, रॅम ४ जीबी. ह्यांच्या कृषी केंद्राची बिलं अन् मुलाचे दहावीचे प्रोजेक्ट, सगळं त्यातच. दुकानदाराने टाकून दिलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपली, मग मुलाने अवास्ट आणि अविरा असे फुकटचे दोन टाकून बघितले. आता कॉम्प्युटर चालू होईपर्यंत चहा होऊन जातो. त्यात परवा झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत. फुकटचे खरंच काम करतात का, की पैसे भरावेच लागतील? – एक वाचक, अमळनेर

उत्तर: ताई, पैसे भरायची गरज नाही, पण दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना तपासायला धावतात, एकमेकांच्या आड येतात, आणि ४ जीबी रॅममध्ये त्यांचंच भागत नाही तर तुमच्या बिलांचं काय भागणार. दोन्ही अनइन्स्टॉल करा, मुदत संपलेला तो जुनापण काढा, अन् मशीन रिस्टार्ट करा. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा फुकट अँटीव्हायरस आधीपासून असतो, दुसरा अँटीव्हायरस टाकला की तो बाजूला होतो आणि दुसरा काढला की बहुतेक वेळा आपोआप परत चालू होतो. तरी स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शन ऑन आहे का ते डोळ्याने बघाच.

आता कोणी म्हणेल विंडोज १० तर बंद पडलं. खरंय, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण डिफेंडरची व्हायरस ओळखायची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. विंडोजमधली भोकं मात्र त्याने बुजत नाहीत, म्हणून पुढेमागे मशीन बदलायचं मनात धरा.

अवास्ट वाईट आहे असं नाही, व्हायरस तो चांगले पकडतो. पण फुकट देणारी कंपनी कमावते कशावर हे विचारायलाच पाहिजे. अवास्टने लोक नेटवर काय बघतात त्याची माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. घरच्या कॉम्प्युटरला मी तरी डिफेंडरच सांगेन.

पेनड्राइव्हचं जरा नीट ऐका. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक अजिबात करू नका, फोल्डर उघडल्यासारखं दिसतं पण मागून व्हायरसच चालू होतो. तुमचे फोल्डर गेलेले नाहीत, नुसते लपवलेत. कोणी घरी क्लिक करून बसलं असेल तर आधी डिफेंडर अपडेट करून त्याचं ऑफलाइन स्कॅन लावा, मशीन रिस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं घेतं. मग पेनड्राइव्ह लावा, न उघडता राइट क्लिक करून स्कॅन करा, त्यानंतर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करा, आणि तरीही दिसले नाहीत तर ऑप्शन्समध्ये जाऊन प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स लपवायची टिक काढा. फिकट रंगाचे फोल्डर दिसतील, तेच तुमचे. त्यातलं कामाचं कॉपी करून घ्या अन् पेनड्राइव्ह फॉरमॅट मारा.

मुलाला ट्राय करून बघायची हौस आहे तर आयकारची टेस्ट फाइल करायला सांगा. ६८ अक्षरांची एक ओळ असते, अगदी निरुपद्रवी, पण अँटीव्हायरसने ती पकडायची असं ठरलेलं आहे. ती सेव्ह केली अन् डिफेंडर गप्प राहिला तर समजा तो बंद आहे. अन् गेमचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता गेम चालवायचा जुगाड, टाकताना “आधी अँटीव्हायरस बंद करा” असं लिहिलेलं आलं तर तिथेच थांबायचं हे त्याला प्रेमाने पण ठासून सांगा.

बिलांची एक कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर काढा आणि ती काढून कपाटात ठेवा, लावूनच ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस, तिच्यावरपण हात मारतं. जूनमध्ये कापसाच्या बियाण्याला दुकानात गर्दी असताना हिशोब गेला तर कोणताच अँटीव्हायरस तो परत आणून देणार नाही. झेरॉक्सला पेनड्राइव्ह नेण्यापेक्षा पीडीएफ मेल करून द्या.